थापा मारता काय?

नांदेडला गेलो तर मी एका रस्त्यानं जात नाही. रिक्षावाल्यानं तिकडूनच घेतली तर मान दुसरीकडं फिरवून बसतो. तिथं एका सरकारी ऑफिसची लांबलचक भिंत आहे. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, सांगून तरी काय उजेड पडणार आहे! भिंतीला कावेचा लाल हात दिलाय आणि त्यावर पांढऱ्या रंगात काटकुळी माणसं, हातात हात घालून गोल नाचणारी. वारली. वर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘आपली आदिवासी कला, आपला अभिमान’. आता नांदेड जिल्ह्यात वारली माणूस औषधाला सापडायचा नाही. आपल्याकडं गोंड आहेत, कोलाम आहेत, परधान आहेत, आंध आहेत. वारली तिकडं समुद्राच्या अंगाला, पालघर-डहाणूकडं. पण भिंतीवर वारलीच. आणि मान फिरवायचं खरं कारण असं की ती भिंत पहिल्यांदा मीच रंगवली होती.

मी चित्रकलेचा मास्तर. मूळचा लातूरकडच्या मुरुडचा. गळ्यात लिंग आणि हातात तागडी, असं आमचं दुकानदाराचं घर. आमच्याकडं चित्र म्हणजे कॅलेंडर. तेही डिसेंबर संपला की रद्दीत. मी चित्रकलेच्या कोर्सला जातो म्हटल्यावर वडील म्हणाले, ‘‘जा. निदान दुकानाची पाटी तरी फुकटात होईल.’’ पाटी केली. मग नोकरी लागली ती एकदम दुसऱ्या टोकाला, किनवटच्या बाजूच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत. तिथं सहा वर्षं काढली आणि मग कंधारच्या शाळेत आलो. पगारात भागत नाही असं नाही, पण सुट्टीत भिंती रंगवायची कामं घेतो. हाताला चैन पडत नाही, खोटं कशाला बोलू.

आणि भिंतीवर लोकांना काय पाहिजे? वारली! लातुरात क्लासवाल्यांच्या भिंतींवर मी वारली काढलीत, डॉक्टर व्हायला निघालेली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली. हॉटेलात वारली काढली, भट्टीत रोट्या लावणारी. जळकोटला एका मंगल कार्यालयात वारली नवरा-नवरी काढले, त्यांना मुंडावळ्या बांधल्या. मालक म्हणतो, ‘‘सर, तोंडं जरा हसरी करा की.’’ अरे बाबा, त्या चित्रातल्या माणसाला नाक-डोळे-तोंड असतं का कुठं! नुसता गोल ठिपका असतो. मला तर वाटतं, त्यामुळंच ती सगळ्यांना आवडतात. तोंड नाही, म्हणजे बोलायची भानगड नाही. ज्यांची ती कला आहे त्यांच्या हाताला किती जोर आहे, ते कशासाठी काढतात, हे ना मालकाला ठाऊक, ना मला. मी पुस्तकात बघून काढायला शिकलो.

आश्रमशाळेत असताना सातवीच्या वर्गाला एकदा ‘माझे घर’ काढायला दिलं होतं. सगळ्या पोरांनी तेच ते काढलं. दोन डोंगर, मधी सूर्य, नारळाचं झाड. त्या डोंगरात नारळाचं झाड कुणी बापजन्मात बघितलं नव्हतं, पण काढायचं म्हणजे नारळ, असं आम्हीच शिकवलेलं. एका पोरीनं मात्र नुसती भिंत काढली होती. दार, दाराच्या दोन्ही बाजूला भिंत, आणि भिंतीवर पंजेच पंजे.

‘‘हे काय गं? भिंतीला घाण कशाला केलीस?’’ मी विचारलं.

‘‘घाण न्हाई सर, थापे हायत. पोळ्याला माझी आई मारायला लावती. घरातल्या प्रत्येकाचा एक थापा. पुसायचा न्हाई.’’

‘‘बरं बरं. मार्क मिळायचे असतील तर नीट घर काढ.’’

असं मी म्हटलं. जशाच्या तसं आठवतं मला, त्याला इलाज नाही. आणि त्याच वर्षी गॅदरिंगला प्रमुख पाहुणे येणार म्हणून मी सगळ्या पोरांकडून स्टेजच्या मागं वारली काढून घेतली. ती पोर हाताची साफ. सगळ्यात सुबक वारली तिनंच काढली होती. पाहुणे म्हणाले, वा, आपली परंपरा पोरांनी जपली! मी छाती फुगवून उभा. थू आपल्या जिंदगानीवर.

ती पोर आंध समाजाची. आंध लोक मराठी बोलतात, शेती करतात, मारुतीला नारळ फोडतात. डोक्यात पिसं खोचून नाचत नाहीत. मग शहरातल्या माणसाला ते आदिवासी वाटत नाहीत. आता कुणाला कोण वाटावं हा काय पोटाला भाकरी देणारा प्रश्न नाही, पण त्या पोरीसाठी तोच झाला. बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. जातीचा दाखला होता. पण नुसत्या दाखल्यानं भागत नाही. हा दाखला खरा आहे असा आणखी एक दाखला लागतो, त्याला पडताळणी म्हणतात. तो मुदतीत दिला नाही तर सीट गेली. त्यासाठी आधी माणसं घरी येऊन चौकशी करून जातात आणि मग कमिटी समोर बसवून विचारते, तुमचा देव कोणता, तुमच्यात मेल्यावर काय करतात, नाच कोणता, कला कोणती.

घरी चौकशीला आले त्यांनी अहवालात काय लिहावं? ‘घराच्या भिंतींवर हातांचे मळके डाग आढळले.’ पोरीनं अहवालाची प्रत मला दाखवली तेव्हा मी त्या माणसाला दोन शिव्या हासडल्या. मग आठवलं. तो काय वेगळं बोलला होता? सातवीच्या वर्गात मी तेच बोललो होतो.

कमिटी बसते ती नांदेडच्या त्याच ऑफिसात, आणि तिची सुनावणी होती त्याच आठवड्यात मी त्या भिंतीवर चढलेलो. उन्हाळ्याची सुट्टी, बांबूच्या पाडावर बसून सकाळपासून नाचणारी माणसं काढून राहिलो होतो. खाली बघतो तर पोर आणि तिची आई फाटकातून आत येऊन राहिल्या. पोरीच्या हातात प्लास्टिकची फाइल, आईच्या डोक्यावर पदर. पोर ओरडली, ‘‘सर! तुम्ही हितं?’’ मी खाली उतरलो. आईनं मला हात जोडले. तिच्या उजव्या हाताला करंगळी नाही, कडबा कुट्टीत गेली.

‘‘सर, कला कोणती म्हणून इचारतात म्हणे,’’ पोर म्हणाली. ‘‘काय सांगू?’’

बघा, माझ्या थोबाडाला त्याच वेळी कुलूप लागलं असतं तर! पण मी मास्तर. मास्तरला सल्ला दिल्याशिवाय अन्न पचत नाही. भिंतीकडं बोट करून मी म्हणालो, ‘‘अगं, हे काय समोर दिसून राहिलं! साहेबांनीच आदिवासी कला म्हणून काढायला लावलंय. तुझा हात चांगला आहे. कागद दिला की एक फेर काढ वारलीचा. खूष होतील.’’

‘‘पण सर, आमच्यात तर हे…’’

‘‘तू काढ तर.’’

ती आत गेली. मी परत पाडावर चढलो आणि एका वारली बाईच्या डोक्यावर हंडा ठेवला.

तासाभरानं त्या बाहेर आल्या. आत काय झालं ते पोरीनं मला आवारातल्या चिंचेखाली उभं राहून सांगितलं, रडत नव्हती, नुसती एकेक शब्द टाकत होती. आत साहेब, एक तज्ज्ञ बाई आणि लिहून घेणारा कारकून. साहेबांनी कागद पुढं केला, तुमच्या जमातीची कला काढून दाखवा म्हणाले. तिनं वारलीचा फेर काढला. सुबक. तज्ज्ञ बाईनं चष्म्यावरून बघितलं.

‘‘ही तर वारली. तुम्ही आंध ना? वारलीचा आणि तुमचा काय संबंध?’’

‘‘बाहेर भिंतीवर हेच…’’

‘‘भिंतीवरचं बघून काढलं? मग तुमचं काय आहे? का सगळं असंच?’’ आणि साहेबांनी पेन टेबलावर आपटला. ‘‘थापा मारता काय?’’

पोरीची आई तोवर मान खाली घालून बसलेली. कुणी तिला काही विचारलं नव्हतं, तिला काही कळत नव्हतं. हे वाक्य मात्र तिला कळलं. तिचं तोंड एकदम उजळलं. चला, कुणीतरी कामाचं विचारलं!

‘‘हाव साहेब!’’ ती म्हणाली. ‘‘मारतो की! दर पोळ्याला मारतो. माझी आई मारायची, तिची आई बी मारायची. पोरीलाबी शिकवलंय म्या.’’

साहेब आधी बघतच राहिले आणि मग हसले. तज्ज्ञ बाईपण हसल्या. कारकून तर खुर्चीतून पडायचा राहिला. आई पण हसली, सगळे हसून राहिले म्हणून. पोर म्हणाली, ‘‘साहेब, ती हाताच्या थाप्याचं सांगती, खोटं बोलायचं नव्हं…’’ साहेबांनी हातानं गप केलं. कारकुनाला म्हणाले, ‘‘लिहा. जसंच्या तसं लिहा.’’ त्यानं लिहिलं, ‘अर्जदाराच्या आईने आपण पिढ्यानपिढ्या थापा मारत असल्याचे कबूल केले.’ आईला सही येत नाही. तिनं त्याखाली आनंदानं अंगठा दिला.

किळस म्हणतात ना, ती मला तेव्हा खरी कळली. त्या तिघांची आलीच. चांगली शिकलेली माणसं, सगळी इथंच जन्मलेली, मराठीत वाढलेली, आणि ह्यांना थापा आणि थाप कळू नये? कळलंच असणार. पोर सांगून राहिली होती की तोंडानं! पण मजा आली ना, मग मजा सोडायची कशी. आणि त्यांच्यापेक्षा जास्त किळस माझी मला आली. पोरीनं एका शब्दानं मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, ‘‘तुम्ही सांगितलं तसंच काढलं सर.’’

आईला अजून उमगलं नव्हतं. ‘‘काय झालं गं? साहेब हसले की, काम झालं न्हवं?’’ तिनं विचारलं. पोरीनं मग तिला सांगितलं, शहरात थापा मारणं म्हणजे काय. खोटं बोलणं. लबाडी. आईनं ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, ‘‘म्हंजी म्या लबाड हाय म्हून अंगठा दिला?’’

आई उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली. ती सरळ माझ्या पाडाखाली गेली, पदर कमरेला खोचला, आणि पांढऱ्या रंगाच्या बादलीत उजवा हात मनगटापर्यंत बुडवला. मी म्हणालो, ‘‘मावशी, अहो…’’ तिनं ऐकलं नाही. हात निथळू दिला आणि माझ्या नाचणाऱ्या माणसांच्या बरोबर मधी, फेराच्या पोटात, सपकन मारला. चार बोटांचा पंजा. मग त्याशेजारी दुसरा. तिसरा. पोर जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही मारला. सुनावणीला आलेली आणखी माणसं चिंचेखाली बसली होती, कंटाळून, घामेजून. त्यातला एक म्हातारा उठला. त्याच्याकडं थापे मारतात का नाही, देव जाणे, पण त्यानंही बादलीत हात घातला. मग दोन बायका. दहा मिनिटांत माझा वारलीचा फेर पंज्यांनी भरून गेला. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. नुसता हात पडल्याचा आवाज.

मी मागं एकदा मोबाईलवर बघितलं होतं, तिकडं ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांनी आपल्या जमिनीचं भलंमोठं चित्र काढलं आणि तेच हक्काचा पुरावा म्हणून पुढं ठेवलं. तेव्हा मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो, वा वा, काय ती कला, काय तो बाणा! सात समुद्रापलीकडचं असलं की आपल्याला कला लगेच कळते. इथं समोर चाललं होतं आणि मला फक्त एवढं दिसत होतं की माझं आठवड्याचं काम मातीत गेलं.

साहेब बाहेर आले. ‘‘कोणी केलं हे?’’

‘‘म्या मारला,’’ आई म्हणाली. ‘‘थापा. आमच्यात असाच मारतात. आता बघून घ्या नीट.’’

साहेब लालबुंद. शिपायाला म्हणाले, हिचं नाव-गाव लिहून घे. मग माझ्याकडं वळले, ‘‘आणि तुम्ही काय बघत उभे आहात? पुसा आधी ते, ओलं आहे तोवर!’’

मी फडकं घेतलं. घेतलं म्हणजे घेतलं, आता लपवून काय करू. माझा हातच गेला, नोकरी लागल्यापासून साहेब म्हटलं की जातो तसा. पहिल्या पंज्यावर फडकं फिरवलं तर तो पुसला गेला नाही, नुसता फरफटला. लाल-पांढरा चिखल झाला. पोर माझ्याकडं बघत होती. तिची आई मात्र म्हणाली, ‘‘पुसू द्या त्यास्नी, त्यांचं काम हाय.’’ शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी फडकं बादलीत टाकलं, ब्रश तिथंच सोडले आणि फाटकाबाहेर पडलो. कंधारची बस मिळेपर्यंत हाताचा रंग नखांनी खरवडत बसलो.

महिन्याभरानं पोरीच्या घरी कमिटीचा निकाल आला. तिनं फोन करून सांगितलं, दावा अमान्य. कारणांत वारली होती, भिंतीवरचे मळके डाग होते, आणि आईचा कबुलीजबाबही होता, अंगठ्यासकट. सीट धोक्यात. वकील म्हणाला कोर्टात जाऊ, पण आईचं हे कबूल करणं फार नडणार, त्याच्या तोडीचा काहीतरी कागद पाहिजे. कागद कुठून आणायचा? आजा-पणजा शाळेत गेले नव्हते, कुठल्या रजिस्टरात सापडणार.

त्यानंतर दोन दिवसांनी मला एक पत्र आलं. त्या ऑफिसचं, गोल शिक्क्याचं, साहेबांच्या सहीचं. काम अर्धवट टाकून गेल्याबद्दल माझी खरडपट्टी काढलेली. मी वाचलं आणि तिडीक आली. फाडून चुलीत टाकणार होतो. बायको म्हणाली, सरकारी कागद आहे, फाडू नका. म्हणून परत एकदा वाचलं. मग खुर्चीतून उठलो, पायात चप्पल घातली आणि स्टँडवर आलो. दोन बसा बदलून संध्याकाळच्या आत त्यांच्या गावात पोचलो.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघत होतो. शेणामातीची भिंत, आणि दाराच्या दोन्ही बाजूला थापे. खालच्या ओळीत चिमणा पंजा, पोरीचा पहिला पोळा. त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीचा, जरासा मोठा. असे ओळीनं, आत्तापर्यंतचे. आईचे वरच्या बाजूला. आधी पाच बोटांचे, आणि एका वर्षापासून पुढं चार. सगळ्यात वर, आढ्याजवळ, धुरानं काळे पडलेले, मेलेल्या माणसांचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं हातच समोर मांडलेला होता आणि चौकशीला आलेला माणूस त्याला डाग म्हणून गेला. मी भिंतीसमोर उभा राहिलो. मला माझ्या सातवीच्या वर्गाची लाज वाटत होती.

आईनं पाणी दिलं. भिंतीबद्दल, फडक्याबद्दल एक अक्षर नाही. ‘‘मावशी,’’ मी म्हणालो, ‘‘तुमचं चुकलं न्हाई, माझं चुकलं. पण ते राहू द्या. हा कागद ऐका.’’

पोर चौकटीला टेकून उभी राहिली. मी वाचलं. ‘‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, सुनावणीसाठी आलेल्या एका आदिवासी महिलेने आपल्या जमातीच्या प्रथेप्रमाणे हाताचे थापे मारून या कार्यालयाच्या भिंतीचे विद्रूपीकरण केले आहे. सोबत सदर महिलेचे नाव व गाव जोडले आहे. तरी आपण सदर भिंत विनाविलंब पूर्ववत करून द्यावी.’’

पोरीनं माझ्या हातातून कागद ओढूनच घेतला. मागचं पान उलटलं. आईचं नाव, गावाचं नाव, तालुका, जिल्हा. ती मटकन खाली बसली आणि तिला हसू फुटलं, त्या दिवशी न रडलेलं रडू पण त्यातच.

‘‘काय लिवलंय? खटला भरणार का?’’ आई घाबरून म्हणाली. ‘‘मला समजंल असं वाचा सर.’’

मी परत वाचलं, सावकाश, शब्द सुटा करून. एका. आदिवासी. महिलेने. आपल्या जमातीच्या. प्रथेप्रमाणे.

‘‘कुणी लिवलं हे?’’

‘‘साहेबांनी. सही आहे त्यांची.’’

‘‘त्याच साहेबांनी?’’

‘‘त्याच.’’

ती उठली, चुलीपुढचं लाकूड आत सारलं, परत आली. भिंतीवरच्या आपल्या चार बोटांच्या थाप्यावर हात टेकवून उभी राहिली.

‘‘ह्योच एक सबुद मागायला गेलतो की आमी,’’ ती म्हणाली. ‘‘हात जोडून मागितला तवा दिला न्हाई. भिंत घाण केली म्हून शिवी द्यायला मातर बराबर सापडला त्यास्नी.’’